खण पाच, तुळया किती?

गणिताची पत्रपेटी

या वेळची बहुतेक पत्रे शाब्दिक उदाहरणांची आहेत. वर्ग वेगवेगळे, चुका मात्र एकाच घरातल्या. आकडेमोडीत मुले फारशी अडत नाहीत. नेमके काय मोजायचे, मोजणी कुठून सुरू करायची आणि एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना काय कायम राहते, इथे ती अडतात.

मुलगी आठवीत आहे. नुसते आकडे दिले की झटपट सोडवते. शाब्दिक उदाहरण आले की "बेरीज करायची की गुणाकार, तेवढं सांगा" म्हणते. शिकवणीत शब्दांचा तक्ता दिला आहे: 'एकूण' म्हणजे बेरीज, 'उरले' म्हणजे वजाबाकी. तो तोंडपाठ आहे, तरी चुकते.
– एक पालक, गंगाखेड

तो तक्ता आधी बाजूला ठेवा. तिची चूक तक्त्यापासूनच सुरू होते. हे उदाहरण तिला द्या: सखूबाईंकडे कडब्याच्या ४५ पेंढ्या आहेत. गोदाबाईंकडच्या पेंढ्यांपेक्षा त्या १५ ने जास्त आहेत. दोघींकडे मिळून किती पेंढ्या? तक्ता पाठ असलेले मूल 'जास्त' आणि 'मिळून' हे दोन शब्द पाहते आणि ४५ + १५ = ६० लिहून मोकळे होते. तिला एवढेच विचारा, "जास्त कोणाकडे?" सखूबाईंकडे. मग गोदाबाईंकडे ३०, आणि दोघींकडे मिळून ७५. 'जास्त' हा शब्द असूनही पहिली पायरी वजाबाकीची निघाली. क्रिया शब्दावर ठरत नाही, कोण कोणापेक्षा जास्त यावर ठरते.

आता रीत. पहिले वाचन पेन्सिल खाली ठेवून करायचे आणि काय घडले ते आपल्या शब्दांत सांगायचे. दुसऱ्या वाचनात फक्त शेवटचा प्रश्न पाहायचा आणि उत्तराचे वाक्य जागा रिकामी ठेवून लिहायचे: "बसमध्ये ____ महिला होत्या." असे केले की एकक आधीच ठरते. आकडे वहीत उतरवायचे ते तिसऱ्या वाचनात.

एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यावरचे हे उदाहरण घ्या. बसमध्ये ४४ प्रवासी आहेत. सगळे एकाच थांब्यावर चढले आणि एकाच थांब्यावर उतरणार आहेत. पूर्ण तिकीट १२० रुपये. एकूण ४,०८० रुपये जमा झाले. महिला किती? (लहान मुले आणि ६५ वर्षांवरचे प्रवासी नाहीत असे धरू. ही अट उदाहरणात लिहिलेली नसेल तर उदाहरणच अपुरे आहे.)

बहुतेक वह्यांत सुरुवात "मानू, पुरुष = क्ष, महिला = य" अशी असते. हे वाक्य अर्धे आहे. पुरुष म्हणजे पुरुषांची संख्या की त्यांनी दिलेले पैसे? तिथे घोळ झाला की पुढे 'क्ष + य = ४,०८०' असे लिहिले जाते. "मानू, पुरुष प्रवाशांची संख्या क्ष आणि महिला प्रवाशांची संख्या य" एवढे पूर्ण लिहिले की दोन समीकरणे सरळ मिळतात: क्ष + य = ४४ आणि १२०क्ष + ६०य = ४,०८०. दुसऱ्याला ६० ने भागले की २क्ष + य = ६८. वजाबाकी केली की क्ष = २४, य = २०.

आठवीच्या मुलीला समीकरणाशिवायही हे जमेल. सगळ्यांनी अर्धे तिकीट काढले असते तर ४४ × ६० = २,६४० रुपये आले असते. प्रत्यक्षात १,४४० जास्त आले. प्रत्येक पूर्ण तिकिटामागे ६० जास्त येतात, म्हणून पूर्ण तिकिटे २४. ही रीत तिला आधी समजू द्या, क्ष आणि य नंतर आणा.

ताळा करायचा तो मूळ वाक्यात, समीकरणात नव्हे. समीकरणच चुकीचे मांडले असेल तर उत्तर त्यात चपखल बसेल आणि तरीही चूकच असेल. २४ पुरुषांचे २,८८०, २० महिलांचे १,२००, मिळून ४,०८०. प्रवासी ४४. दोन्ही गोष्टी जुळल्या की उदाहरण संपले.

अंकगणिती श्रेढीत पदाचा क्रमांक घ्यायचा की त्यातून एक वजा करायचा, हे मला दर वेळी पाठ करावे लागते. परीक्षेत नेमके विसरते.
– इयत्ता दहावी, औसा

पाठ करू नकोस. घराकडे बघ. आपल्याकडे जुन्या माळवदाचे माप खणांत सांगतात. खण म्हणजे दोन तुळयांमधला भाग. पाच खणांना दोन्ही टोकांची तुळई धरली तर तुळया सहा. दोन्ही टोकांना तुळईऐवजी भिंत असेल तर चार. खण पाचच आहेत, तुळयांचा आकडा मात्र टोकाला काय आहे यावर बदलतो.

श्रेढीतली पदे म्हणजे तुळया आणि वाढ म्हणजे खण. पहिल्या महिन्यात २०० रुपये शिल्लक टाकली आणि पुढे दर महिन्याला ५० ने वाढवली, तर बाराव्या महिन्याची शिल्लक किती? पहिल्यापासून बाराव्यापर्यंत जाताना वाढ अकरा वेळा झाली. म्हणून २०० + ११ × ५० = ७५०. ज्या मुलांचे उत्तर ८०० येते, त्यांनी तुळया मोजल्या, खण नाही.

शेतातलेही एक उदाहरण घे. ठिबकची नळी ६० मीटर, ड्रिपर दर ४० सेंटिमीटरवर. पहिला ड्रिपर नळीच्या तोंडापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर १५०, अगदी तोंडाशी असेल तर १५१. उदाहरण वाचताना 'पहिला कुठे' या शब्दांखाली रेघ मारत जा. भूमिती श्रेढीतही हेच आहे, फक्त तिथे प्रत्येक खणात बेरजेऐवजी गुणाकार होतो. काही पुस्तकांत तिला गुणोत्तर श्रेढी म्हणतात, वस्तू एकच.

आमच्या बचत गटात 'शेकडा दोन'ने कर्ज देतात. मुलाच्या पुस्तकात 'द.सा.द.शे.' असते. दोन्ही एकच का? आणि यात अंकगणिती श्रेढी कुठली, भूमिती कुठली?
– बचत गटाच्या एक सदस्य, कळंब

एकच नाही, आणि हा फरक मुलाला नीट कळला पाहिजे. 'शेकडा दोन' म्हणजे दर महिन्याला शंभरामागे दोन रुपये. 'द.सा.द.शे.' म्हणजे दर साल दर शेकडा. शेकडा दोन हा दर वर्षाला २४ होतो. मुलाने सूत्रात दर २ घातला आणि १० महिन्यांची मुदत वर्षांत बदलली, तर १०,००० रुपयांचे व्याज १६६ रुपये ६७ पैसे येईल. दर २४ घातला आणि मुदत १० तशीच ठेवली, तर २४,००० येईल. एक उत्तर फार लहान, दुसरे मुद्दलाच्या अडीचपटीजवळ. दर आणि मुदत दोन्ही महिन्यांत हवेत किंवा दोन्ही वर्षांत.

आता १०,००० रुपयांचे तेच कर्ज, तोच शेकडा दोनचा दर, मुदत १० महिने. फेड तीन तऱ्हांनी करून पाहा.

दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल परत, आणि व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर. पहिल्या महिन्याचे व्याज २००, दुसऱ्याचे १८०, तिसऱ्याचे १६०, असे उतरत शेवटचे २०. ही उतरती अंकगणिती श्रेढी. बेरीज: पदे १०, पहिले आणि शेवटचे पद मिळून २२०, त्याची पाचपट १,१००. इथे मुले शेवटचे पद शून्य धरतात, कारण दहाव्या हप्त्यानंतर मुद्दल शून्य होते. पण व्याज हप्ता भरण्याआधीच्या मुद्दलावर लागते, आणि दहाव्या महिन्यात १,००० रुपये अजून बाकी असतात. पदे दहाच ठेवून शेवटचे शून्य धरले तर बेरीज १,००० येते, नेमकी शंभराने कमी.

मुदत संपेपर्यंत काहीच भरले नाही आणि व्याज सरळ लागले, तर दर महिन्याला २०० रुपये चढत जातात. देणे १०,०००, १०,२००, १०,४०० असे वाढते. ही चढती अंकगणिती श्रेढी. दहा महिन्यांचे व्याज २,०००.

काहीच भरले नाही आणि व्याज दर महिन्याला मुद्दलात मिसळले, तर देणे १०,०००, १०,२००, १०,४०४, १०,६१२ रुपये ८ पैसे असे जाते. इथे वाढीचा आकडा स्थिर नाही: आधी २००, मग २०४, मग २०८ रुपये ८ पैसे. कायम राहते ते पुढचे पद भागिले मागचे पद, म्हणजे १.०२. ही भूमिती श्रेढी. दहा महिन्यांनंतरचे देणे १०,००० × (१.०२)^१० = १२,१९० रुपयांच्या आसपास, व्याज २,१९०. सुरुवातीचे १०,००० हे पहिले पद धरले तर हे अकरावे पद आहे, दहावे नव्हे. तुळया आणि खण इथेही आहेतच.

तेच मुद्दल आणि तोच दर असून व्याज १,१००, २,००० आणि २,१९० असे निघते. गटाचे पासबुक घरात असेल तर मुलाला त्यातल्याच नोंदी मांडायला सांगा. त्याला श्रेढीचा अर्थ पुस्तकापेक्षा लवकर लागेल.

'ने वाढले' आणि 'पट झाले' यात गोंधळ होतो.
– शिष्यवृत्तीची तयारी करणारा विद्यार्थी, जिंतूर

'५०० रुपयांनी वाढले' ही बेरीज. '५ टक्क्यांनी वाढले' हा १.०५ ने गुणाकार. 'दुप्पट झाले' म्हणजे २ ने गुणाकार, '२०० टक्क्यांनी वाढले' म्हणजे ३ ने, कारण मूळचे १०० टक्के जागेवरच असतात. 'दीडपट' म्हणजे १.५. शंका आली की पहिली तीन पदे हाताने लिही, वजाबाकी करून पाहा, मग भागाकार करून पाहा. दोन्ही स्थिर नसतील (१, ४, ९ सारखे) तर ती दोन्हींपैकी कुठलीच श्रेढी नाही आणि सूत्र लावायचे नाही.

ट्रॅक्टरची किंमत ८,००,००० रुपये, दरवर्षी १० टक्के घट. "चौथ्या वर्षातली किंमत" काढायची होती. माझे उत्तर ५,८३,२००, मैत्रिणीचे ५,२४,८८०. बरोबर कोण?
– इयत्ता अकरावी, अंबाजोगाई

गुणाकार दोघींचे बरोबर आहेत. प्रश्न अर्धवट आहे. ओळ मांडून बघ: विकत घेताना ८,००,०००, पहिल्या वर्षाच्या शेवटी ७,२०,०००, दुसऱ्याच्या शेवटी ६,४८,०००, तिसऱ्याच्या शेवटी ५,८३,२००, चौथ्याच्या शेवटी ५,२४,८८०. तिसऱ्या वर्षाची अखेर म्हणजेच चौथ्याची सुरुवात. 'सुरुवातीला' असेल तर तुझे उत्तर, 'अखेरीस' असेल तर मैत्रिणीचे. परीक्षेत प्रश्न असा मोघम आला तर आपण काय धरले ते एका ओळीत लिहूनच पुढे जा.

उलट प्रश्नातली एक चूक इथेच सांगतो. १० टक्के घटून किंमत ७,२०,००० झाली, तर आधीची किती? ७,२०,००० मध्ये १० टक्के मिळवले तर ७,९२,००० येतात, ८,००,००० येत नाहीत. घट जुन्या किमतीवर मोजली होती, आपण टक्के नव्या किमतीवर मोजले. म्हणून मिळवायचे नाही, ०.९ ने भागायचे.

शेततळे ३० × ३० × ३ मीटर. मुलगा म्हणतो २,७०० घनमीटर पाणी मावेल, तळे खोदणारे म्हणतात २,१९६. कोणाचे खरे?
– एक शेतकरी पालक, बदनापूर

खोदणाऱ्यांचे. मुलाने तळ्याच्या बाजू भिंतीसारख्या उभ्या धरल्या. तशा बाजू ठेवल्या तर माती ढासळते, म्हणून त्यांना उतार देतात. उतार एकास एक असेल तर ३ मीटर खाली जाताना प्रत्येक बाजू ३ मीटर आत येते. समोरासमोरच्या दोन बाजूंनी मिळून ६ मीटर कमी होतात, म्हणून तळ ३० × ३० न राहता २४ × २४ होतो. तळ २७ × २७ लिहिणारी मुले एकाच बाजूचा उतार वजा करतात, ते जपा.

वरचे क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर, तळाचे ५७६. दहावीत शंकूच्या छेदाचे जे सूत्र आहे त्याच घडणीचे सूत्र इथे लागते: वरचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि त्या दोन्हींच्या गुणाकाराचे वर्गमूळ, या तिन्हींची बेरीज गुणिले खोली, भागिले ३. वर्गमूळ सोपे येते: ३० × २४ = ७२०. बेरीज ९०० + ७२० + ५७६ = २,१९६. खोली ३ आणि भाजकातला ३ एकमेकांना उडवतात, म्हणून २,१९६ घनमीटर, म्हणजे २१ लाख ९६ हजार लिटर.

आता मुलाला ९००, ७२०, ५७६ हे तीन आकडे पुन्हा पाहायला सांगा. ९०० चे चार पंचमांश ७२०, आणि ७२० चे चार पंचमांश ५७६. ही भूमिती श्रेढी आहे. नववीत परंपरित प्रमाण शिकवताना मधल्या पदाला मध्यम प्रमाणपद म्हणतात, ते इथे तळ्याच्या मापातच बसले आहे. त्याऐवजी वरच्या आणि तळाच्या क्षेत्रफळांची साधी सरासरी, ७३८, घेऊन ३ ने गुणले तर २,२१४ येतात, १८ घनमीटर जास्त.

आकडा केवढा आहे याचा अंदाज यायचा तर २०१६ चा उन्हाळा आठवा. मिरजेहून लातूरला पाणी आणणारी 'जलदूत' रेल्वे सुरुवातीला १० वाघिणींची होती, एका खेपेला सुमारे ५ लाख लिटर आणायची. पुढे ती ५० वाघिणींची झाली, सुमारे २५ लाख लिटरची. असे एक भरलेले शेततळे त्या पूर्ण गाडीपेक्षा थोडेसेच कमी भरते.

भूमिती श्रेढीचे तिसरे पद १२, पाचवे ४८. मी गुणोत्तर २ लिहिले, एक गुण गेला.
– इयत्ता अकरावी, सेलू

तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत दोन खण, म्हणून गुणोत्तराचा वर्ग ४. वर्ग ४ असणाऱ्या संख्या दोन: २ आणि −२. श्रेढ्याही दोन: ३, ६, १२, २४, ४८ आणि ३, −६, १२, −२४, ४८. नुसत्या संख्या असतील तर दोन्ही लिहायच्या. पैसे, लांबी, माणसे असतील तर ऋण का सोडले ते लिहून सोडायचे.

याच जातीची दुसरी अडचण. तीन पदे अ÷ग, अ, अ×ग अशी धरली की गुणाकारात 'ग' उडतो. गुणाकार २१६, बेरीज २६ असेल तर अ = ६, आणि पुढे ३ग² − १०ग + ३ = ० मधून ग = ३ किंवा एक तृतीयांश. पदे २, ६, १८ किंवा उलट क्रमाने. चार पदांसाठी मात्र अ÷ग³, अ÷ग, अ×ग, अ×ग³ असे धरतात, तेव्हा लगतच्या पदांचे गुणोत्तर ग² असते आणि वर्ग ऋण होत नाही. त्यामुळे या मांडणीत ऋण गुणोत्तराची श्रेढी निसटते. ती शक्यता असेल तर अ, अग, अग², अग³ अशीच सरळ मांडणी कर.

दुपटीची उदाहरणे कॅल्क्युलेटरशिवाय कशी करून घ्यावीत? २ चा तिसावा घात आला की मुले तीस वेळा दुप्पट करत बसतात आणि मध्ये कुठेतरी चुकतात.
– एक शिक्षिका, कन्नड

तुमच्या गावाहून घाट उतरले की चाळीसगावजवळ पाटणे लागते. तिथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि त्याला जोडून उदाहरणही. एका दात्याने पहिल्या दिवशी २ कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे कबूल केले. महिन्यात त्याने किती निष्क (त्या काळचे नाणे) दिले?

रीत अशी. ३० लिहा. संख्या सम असेल तर निम्मी करून शेजारी 'वर्ग' लिहा, विषम असेल तर एक वजा करून 'गुण' लिहा. ३० वर्ग, १५ गुण, १४ वर्ग, ७ गुण, ६ वर्ग, ३ गुण, २ वर्ग, १ गुण, आणि शून्य आले की थांबा. आता खालून वर या. १ पासून सुरू करा; 'गुण' आला की २ ने गुणा, 'वर्ग' आला की वर्ग करा: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८, आणि शेवटी १,०७,३७,४१,८२४. तीस दुपटींच्या जागी आठ पायऱ्या. शेवटचा वर्ग जड वाटला तर ३२,७६८ हे ३३,००० − २३२ असे फोडा.

तिसही दिवसांची बेरीज हवी, म्हणून त्यातून एक वजा करा, गुणोत्तर वजा एक म्हणजे १ ने भागा, पहिल्या पदाने म्हणजे २ ने गुणा: २,१४,७४,८३,६४६ कवड्या. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिण्यांचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क, म्हणजे एका निष्काच्या २०,४८० कवड्या. भागाकार केला की १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या आणि ६ कवड्या. मुलांना हा भागाकार गटाने करू द्या, उरलेल्या बाकीतून पुढचे नाणे काढत जाणे त्यांना आवडते.

मोठ्या घाताचा ताळा करायचा तर शेवटचा अंक पाहा. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. ३० ला ४ ने भागले की बाकी २, म्हणून तिसाव्या घाताचा शेवटचा अंक ४ हवा. फळ्यावरचा आकडा ४ ने संपत नसेल तर कुठल्यातरी वर्गात चूक आहे, आणि ती शोधायला तीस नव्हे, आठच ओळी तपासाव्या लागतात.